राजीनाम्यावर सही करू नका

पत्र

ताई,
देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. नाव छापू नका. माझे यजमान इथल्या शंभर टक्के अनुदानित हायस्कुलात शिपाई आहेत, तेवीस वर्षं झाली. मे महिन्यात आमच्याच कलमावर आंबे काढताना फांदी मोडली आणि ते गडग्यावर पडले. कोल्हापूरला नेलं, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता जयपूर फूट बसवलाय, रोज सकाळी खळ्यात चालायची सवय करतात. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही, फक्त ओझं आणि सारखे जिने नकोत, असं लिहून दिलंय. दिवाळीनंतर हजर व्हायला गेले तर संस्थेचे चेअरमन म्हणाले, "शिपायाला जिने चढावे लागतात, टपाल न्यावं लागतं. तू शाळेच्या कामात पडला नाहीस, आंबे काढताना पडलास. राजीनामा दे, नाहीतर वैद्यकीय कारणाने निवृत्ती घे, पेन्शनीचं आम्ही बघतो." कागद टाइप करून तयार होता. हे उद्या सांगतो म्हणून परत आले.

दुसरं मुलीचं. ती त्याच शाळेत दहावीला आहे. जन्माच्या वेळी तिचा उजवा हात ओढला गेला, तेव्हापासून तो खांद्यातून अशक्त आहे. सर्टिफिकेट 30 टक्क्यांचं आहे. लिहिते, पण तासाभराने हात भरून येतो. शाळेत विचारलं तर "चाळीसच्या खाली काही मिळत नाही" म्हणाले. तिच्या वहीची पानं जोडतेय. भांडलो तर शाळेत तिला त्रास होईल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, तिचे कागद फार फिरवू नका, उद्या लग्न करायचंय. आणि यजमान एकच वाक्य धरून बसलेत, "माका भीक नको, माझा काम देवा." काय करू?
– एक आई

उत्तर

वहिनी,

तो टाइप केलेला कागद शाळेत आहे तिथेच राहू दे. त्यावर सही नको, "बघून ठेवतो" म्हणून घरीही आणू नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

एवढ्या घाईने सांगण्याला कारण आहे. यजमानांना कायद्याचं जे संरक्षण आहे, ते नोकरीत असलेल्या माणसाला आहे. राजीनामा दिला की कागदोपत्री ते आपल्या मर्जीने नोकरी सोडून गेले. मग दबाव होता हे सिद्ध करत बसायचं, आणि त्यात वर्षं जातात. माझ्या मामेभावाने 2009 साली अशाच एका कागदावर सही केली होती. अपघातानंतर हात गेला होता, मनाने खचला होता, आणि समोरची माणसं गोड बोलत होती. सही करून घरी आला तेव्हा त्याला मोकळं वाटलं, असं तो नंतर सांगायचा. तेव्हाच्या 1995 च्या कायद्यातही हे संरक्षण होतं. ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

गंमत अशी की खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा जो कायदा आहे, त्यात राजीनामा कसा द्यायचा यालाही स्वतंत्र कलम आहे, सातवं. कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. चेअरमनच्या टेबलावर, त्यांच्याच पेनाने, त्यांनीच टाइप केलेल्या मजकुरावर सही घेण्याची पद्धत तिथे बसत नाही. हा कायदा शिक्षकांइतकाच शिपायालाही लागू आहे.

आता "आंबे काढताना पडलास" याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. ऐकणाऱ्याला ते पटतं. तुमच्या यजमानांनाही कुठेतरी पटलं असणार, नाहीतर ते "उद्या सांगतो" म्हणाले नसते. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कलम 20 चं चौथं पोटकलम काढून बघा. तिथे अट आहे ती "सेवेत असताना" अपंगत्व येण्याची. सेवेमुळे आलं पाहिजे असं तिथे म्हटलेलं नाही. माणूस शाळेत जिन्यावरून पडो, मोटरसायकलवरून पडो, साखरेच्या आजाराने पाय जावो, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत झेला घेऊन कलमावर चढलेला असो. त्या दिवशी तो नोकरीत होता, एवढं पुरे. (देवगडच्या चेअरमनने आंबे काढण्यावरून कुणाला बोल लावावा, हेही जरा अतीच झालं.)

ते पोटकलम पुढे काय सांगतं? सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावर ढकलता येत नाही. तो जुनं काम करू शकत नसेल तर त्याला दुसऱ्या पदावर न्यायचं, त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह. तसं पद नसेल तर तो अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वर धरलेल्या जादा पदावर राहतो, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत. "मंजूर पदं मोजकी आहेत" हे उत्तर तुम्हाला पुढच्या भेटीत ऐकायला मिळणार, म्हणून अधिसंख्य हा शब्द यजमानांना आजच पाठ करायला सांगा.

कलम 20 हे "शासकीय आस्थापनां"साठी आहे, त्यामुळे चेअरमन म्हणतील की आमची संस्था खाजगी. म्हणू देत. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचं अनुदान घेणारी संस्थाही येते. तुमच्या पत्रातले "शंभर टक्के अनुदानित" हे शब्द म्हणून सोन्याचे. शिवाय पगार सरकारी अनुदानातून होतो. यजमान कामावर राहिले तर संस्थेच्या तिजोरीतून काय जाणार, हे मला कळलेलं नाही. कदाचित त्या जागेवर कुणाला बसवायचं हे ठरलेलं असेल. हा माझा संशय, पत्रात तसं काही नाही.

पेन्शनीचं आमिष तसं जुनंच आहे. केंद्राच्या एका सुरक्षा दलात एक जण होता. तोही शिपाईच, फक्त बंदुकीचा. त्याचा डावा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेला अयोग्य ठरवून घरी पाठवलं. सरकारचं म्हणणं होतं की त्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळतंय, मग तक्रार कसली? सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये, कुणाल सिंग यांच्या या प्रकरणात, ते मान्य केलं नाही. पेन्शन मिळते म्हणून नोकरीचं संरक्षण जात नाही. हा निकाल 1995 च्या कायद्याखालचा. 2016 च्या कायद्याने तीच तरतूद पुढे चालू ठेवली.

मग करायचं काय? यजमानांनी हजर होण्याचा अर्ज लेखी द्यायचा, मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत संस्थेच्या अध्यक्षांना. अर्ज साधा असू दे: अमुक तारखेला अपघात झाला, अमुक तारखेपासून रजेवर होतो, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, कामावर हजर होण्यास तयार आहे, आणि कलम 20 प्रमाणे मला झेपेल अशा कामाची व्यवस्था व्हावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शाळेचा शिक्का घ्या. आवक-जावक वही सांभाळणारा क्लार्क यजमानांचा तेवीस वर्षांचा सोबती असेल, पण शिक्का मारायला तो घाबरला तर त्याच्याशी वाद घालू नका. पोस्टात जा, अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डब्यात ठेवा. तोंडी झालेल्या बोलण्याला इथे काडीची किंमत नाही. "हजर करून घेतलं नाही" हे उद्या सांगायचं तर "हजर व्हायला आलो होतो" याचा कागद आधी हवा.

झेपेल असं काम म्हणजे काय, ते तुम्हीच सुचवा. शाळेवर सोडलंत तर शाळा जिनाच दाखवणार. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात आणि ती नाकारणं हाच भेदभाव आहे, असं व्याख्येतच लिहिलंय. आस्थापनेवर अवाजवी बोजा पडत असेल तेवढ्यापुरती सूट. आता तुमच्या शाळेचा विचार करा. घंटा तळमजल्यावरच असणार. झेरॉक्स, टपालाची नोंद, पाकिटं भरणं, ग्रंथालयात पुस्तकं देणं-घेणं, परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिका मोजून गठ्ठे बांधणं, हे बसून होतं. गावात टपाल नेण्याचं काम दुसऱ्या शिपायाकडे आणि त्याचं बैठं काम यांच्याकडे, अशी अदलाबदल एका ऑफिस ऑर्डरवर होते, रुपयाचा खर्च नाही. बाहेरच्या चिऱ्याच्या पायऱ्यांना एका बाजूने पाइपचा कठडा मागा. पावसाळ्यात त्या पायऱ्या शेवाळाने कशा बुळबुळीत होतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तो कठडा मुलांच्याही कामाला येईल.

यजमानांचं "भीक नको, काम देवा" हे वाक्य अर्जात त्यांच्या शब्दांत घातलं तरी चालेल. कायदाही तेच म्हणतो, फक्त जरा लांबण लावून.

यजमानांचं स्वतःचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युनिक आयडी कार्ड झालेलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. त्यासाठी हजर होण्याचा अर्ज मात्र अडवून ठेवू नका.

शाळेने दाद दिली नाही तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, ओरोसला. मग पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. तिथे तक्रार करायला वकील लागतोच असं नाही. साक्षीदाराला बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. त्यांनी शिफारस केली की संबंधितांनी काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. पण ती शिफारस असते, कोर्टाचा हुकूम नव्हे, हेही माहीत असू द्या. हुकूम हवा तर उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडायला नको. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहे. समजा संस्थेने सरळ बडतर्फीचा आदेशच हातात ठेवला, तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाला आदेश मिळाल्यापासून फक्त तीस दिवस असतात. त्या तीस दिवसांत गणपती येवोत नाहीतर आंब्याचा मोहोर. वकिलाच्या फीची काळजी असेल तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा: अपंग व्यक्तीला, स्त्रीला आणि मुलाला मोफत कायदेशीर मदत मिळते. तुमच्या घरातली तिघंही त्यात बसता.

चारचौघांत अपंग माणसाचा मुद्दाम अपमान केला तर त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. तुमच्या जागी कुणी असतं तर पहिला फोन पोलिसांना लावला असता. मी तसं सुचवणार नाही. चेअरमन जे बोलले ते निर्दय होतं, पण त्यात मला अजून तरी दडपण दिसतं, शिवी नाही. हे कलम खिशात राहू द्या.

आता मुलीकडे वळते. तुम्ही पाठवलेली वहीची चार पानं माझ्यासमोर आहेत. इतिहासाचं उत्तर आहे. पहिल्या पानावर अक्षर गोल, ठसठशीत, शिरोरेघा सरळ. दुसऱ्यावर काना खाली ओढला जायला लागलाय. तिसऱ्या पानाच्या मध्यापासून ओळ उजवीकडे उतरते आणि शिरोरेघा नाहीशा होतात. चौथ्या पानावर शेवटचा मुद्दा अर्धाच आहे, "परिणाम:" असं लिहून पुढे कोरं. तिला परिणाम येत नव्हते असं मला वाटत नाही. ही पानं तारखेसह जपून ठेवा. तीस टक्के या आकड्यापेक्षा ती जास्त बोलतात, आणि डॉक्टरांनाही दाखवा.

"चाळीसच्या खाली काही मिळत नाही" हे अर्धसत्य आहे, म्हणूनच ते इतकं पसरलंय. चाळीस टक्के ही कायद्यातली आरक्षणाची पायरी. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा, सरकारी नोकरीतल्या चार टक्के, सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा खास हक्क, या गोष्टी त्या पायरीवर चढल्याशिवाय मिळत नाहीत. तुमच्या मुलीला त्या मिळणार नाहीत. खोटी आशा लावत नाही.

परीक्षेतली सोय मात्र वेगळ्या खणात आहे. कलम 16 मान्यताप्राप्त शाळेला सांगतं की विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय द्या. कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तिथे अपंग विद्यार्थी एवढंच म्हटलंय, चाळीसचा आकडा नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेला एक तरुण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक मागत होता. आयोग म्हणत होता, तू चाळीसमध्ये बसत नाहीस. 11 फेब्रुवारी 2021 ला विकास कुमार यांच्या या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने चाळीसच्या खालच्या पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मुख्याध्यापकांना हे माहीत नसेल. त्यांना हिणवू नका, अर्जात निकालाचं नाव आणि तारीख लिहा. मंडळाकडे पाठवायला त्यांनाही काहीतरी आधार लागतो.

अर्ज शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातो. सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला हवा, आणि त्यात टक्केवारीच्या बरोबरीने "लिहिण्यात अडचण आहे" हे शब्द हवेत. ते डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या, नाहीतर अर्ज त्या एका ओळीवाचून परत येतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वेळ थोडा आहे. यजमानांच्या प्रकरणाआधी हे काम हाती घ्या.

पण त्याआधी एक विचारते. तुमच्या पत्रात चेअरमन बोलले, शाळा बोलली, सासूबाई बोलल्या, यजमान तर मालवणीत बोलले. मुलीचं एकही वाक्य नाही. तिला लेखनिक हवाय का? माझा अंदाज, नको असेल. ज्या मुलीचं पहिलं पान इतकं सुरेख आहे तिला आपलं उत्तर खालच्या वर्गातल्या कुणाच्या अक्षरात बघायला आवडेलच असं नाही. तिला कदाचित नुसता वेळ हवा असेल. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तो तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जादा. मधे हात सोडून बसायला तेवढा वेळ पुरतो का, ते घरी घड्याळ लावून दोन पेपर सोडवून बघा. लेखनिक घ्यायचाच ठरलं तर त्याच्याबरोबर महिनाभर सराव हवा. भूमितीची आकृती तोंडाने सांगून काढून घेणं हे पाठांतरापेक्षा अवघड काम आहे.

सासूबाईंची भीती मी उडवून लावत नाही. गावात असे कागद कसे फिरतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण मुलीचा हात सगळ्या वाडीला सोळा वर्षं दिसतोच आहे. न दिसलेला आहे तो तिचा चौथ्या पानावरचा "परिणाम". सासूबाईंना ती चार पानं क्रमाने दाखवा, काही न बोलता.

राहता राहिली शाळेत त्रास होण्याची भीती. नवरा आणि मुलगी एकाच शाळेत, म्हणून ती खरी आहे. दोन अर्ज वेगळे ठेवा: वेगळा कागद, वेगळा दिवस. मुलीचा अर्ज वर्गशिक्षकांमार्फत द्या आणि त्यात वडिलांच्या नोकरीचा शब्दही नको. वर्गशिक्षक बहुधा तुमच्या बाजूने असतील. त्यांचा निकालही त्या मुलीवर अवलंबून आहे. आणि सगळं लेखी झालं की त्रास देणाऱ्यालाही तारखा मोजाव्या लागतात.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात: घरचा माणूस अनुदान नसलेल्या पतसंस्थेत, हॉटेलात किंवा आंब्याच्या फॅक्टरीत असेल तर कलम 20 ची ढाल तशी मिळणार नाही. भेदभाव करू नये हे कलम 3 त्यांनाही लागू आहे, आणि कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं असतं. वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर त्या धोरणात काय सोयी देणार हे तपशिलात लिहावं लागतं. तक्रार पुण्याच्याच आयुक्तांकडे. लढाई अवघड, पण रस्ता आहे.)

वहिनी, मुलीचा अर्ज या आठवड्यात, यजमानांचा पुढच्या सोमवारी. यजमान शाळेत जातील तेव्हा रिक्षा फाटकापर्यंत नेऊ नका म्हणत असतील तर नेऊ नका. खळ्यात चालतात तसे फाटकापासून ऑफिसपर्यंत चालत जाऊ देत, प्रार्थनेच्या वेळेला. शिक्का मारलेल्या दोन्ही प्रतींचे फोटो मला पाठवा.